खोडावरचा खिळा झाडाबरोबर वर जातो का?

समज असा: रोपाच्या खोडात खिळा मारला किंवा नाव कोरलं, की झाड वाढेल तसं ते वर वर सरकतं.

तसं होत नाही. उंची वाढते ती शेंड्याकडच्या विभाजी ऊतीमुळे (सतत विभागून नव्या पेशी बनवणाऱ्या पेशींचा समूह), म्हणजे कोवळ्या टोकाला. खाली लाकूड झालेला भाग लांबायचा थांबलेला असतो. तिथे सालीच्या आतली पार्श्व विभाजी ऊती फक्त जाडी वाढवते. म्हणून खिळा त्याच उंचीवर राहतो आणि हळूहळू लाकडात गडप होतो. कोरलेलं नाव आडवं पसरतं.

स्वतः पाहा. आंब्याच्या रोपाच्या जून खोडावर ऑइल पेंटचा ठिपका द्या, शेजारच्या भिंतीवर त्याच पातळीला खूण करा. (जमिनीपासून मोजू नका, मातीची पातळी बदलते.) नव्या पालवीच्या कोवळ्या दांड्यावर 1 सेंमी अंतराने दोन ठिपके द्या. दोन आठवड्यांत हे दोन लांब गेलेले दिसतील, खालचा जागेवरच.

ऊस-बांबूवर हा प्रयोग नको, त्यांची वाढ पेरांशीही होते.

खोडाला आवळून बांधलेली तार मात्र आजच सोडा. खोड जाडावलं की ती सालीतल्या रसवाहिन्या दाबते, पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही.