व्हीईजीएफआर-२ मागवताना: बाहेरचा तुकडा हवा की आतला?

राधानगरीच्या जंगलातल्या एखाद्या वनस्पतीचा अर्क नव्या रक्तवाहिन्या फुटणं रोखतो का, हे कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत तपासायचं ठरतं आणि मागणीपत्रावर ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन व्हीईजीएफआर-२’ (प्रयोगशाळेत बनवलेला मानवी व्हीईजीएफआर-२) एवढंच लिहिलं जातं. व्हीईजीएफआर-२ हा रक्तवाहिन्यांच्या पेशींवरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन. व्हीईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन त्यावर बसलं की नव्या वाहिन्या फुटतात. घोळ तिथेच सुरू होतो. या नावाखाली दोन वेगळी प्रथिनं विकली जातात आणि एकाचं काम दुसरं करत नाही. (लेबलवर ‘केडीआर’ हे दुसरं नाव असेल तरी रिसेप्टर हाच.)

अख्खा रिसेप्टर १३५६ अमिनो आम्लांचा. पहिली १९ प्रथिन कुठे न्यायचं या संकेतापुरती, ती पुढे कापली जातात. २० ते ७६४ हा पेशीबाहेरचा भाग: इम्युनोग्लोब्युलिनसारखी सात वळकटं, त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्यावर व्हीईजीएफ बसतो. मग पेशीपटलातून आरपार जाणारा छोटा तुकडा आणि त्यापुढे आतला भाग. एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरून टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम, म्हणजे कायनेज, या आतल्या भागात असतं.

सुनिटिनिब, सोराफेनिब ही कर्करोगाची औषधं कायनेजमधल्या एटीपीच्या खोबणीत बसतात, म्हणजे आत. रामुसिरुमॅब ही अँटिबॉडी बाहेरच्या भागाला धरते. बेव्हॅसिझुमॅब तर रिसेप्टरला शिवतच नाही, ती व्हीईजीएफलाच पकडते. संगणकावर डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज) एटीपीच्या खोबणीत केलं आणि प्रयोगाला बाहेरचा तुकडा आणला, तर अर्क कितीही गुणी असो, त्या डॉकिंगचा पडताळा होणारच नाही. ही चूक सगळ्यात महाग पडते.

बाहेरचा तुकडा सहसा एचईके२९३ या मानवी पेशींसारख्या सस्तन पेशींत बनवतात, कारण त्यावर साखरेच्या साखळ्या लागतात. म्हणून हिस-टॅगवाला (शुद्धीकरणासाठी हिस्टिडिनची छोटी शेपटी जोडलेला) तुकडा हिशेबाने ८५ किलोडाल्टन वजनाच्या आसपास असूनही, प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर बराच वर दिसतो. ती भेसळ नव्हे. एफसी (मानवी आयजीजी अँटिबॉडीचा शेपटीकडचा भाग) जोडलेला प्रकार घेतलात, तर मानवी आयजीजीविरुद्धची दुय्यम (रंग दाखवणारी) अँटिबॉडी वापरू नका. ती एफसीलाच चिकटेल आणि सगळी प्लेट रंगेल.

हा तुकडा बहुधा कोरड्या पावडरीत येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात थंडगार व्हायल लगेच उघडली, तर हवेतलं पाणी आत धरतं. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून पावडर तळाशी आणा. १०० मायक्रोग्रॅममध्ये ५०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) घाला (माहितीपत्रकात दुसरा बफर दिला असेल तर तो), व्होर्टेक्स न करता हलकेच फिरवा आणि ५०-५० मायक्रोलिटरच्या दहा ट्यूबा करून गोठवा. एका ट्यूबेत १० मायक्रोग्रॅम. ते १० मिलिलिटर कोटिंग बफरमध्ये (प्रथिन प्लेटला चिकटवणाऱ्या द्रावणात) घातलं की विहिरीत १०० मायक्रोलिटर या मापाने ९६ विहिरींची एक प्लेट होते. उरलेलं पुन्हा गोठवू नका. प्रथिनाला खूण म्हणून बायोटिन जोडायचं असेल तर बीएसए (टिकण्यासाठी मिसळलेलं गाईचं अल्ब्युमिन) नसलेलं प्रथिन घ्या आणि ट्रिस बफर टाळा, नाहीतर बायोटिन त्यांनाच जाऊन चिकटतं.

आतला तुकडा बऱ्याचदा कीटकपेशींत, जीएसटी-टॅगसह (शुद्धीकरणासाठी जोडलेल्या दुसऱ्या प्रथिनासह) बनतो आणि ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला, कोरड्या बर्फात येतो. शनिवारी संध्याकाळी खोका पोचेल अशी मागणी नोंदवू नका. सोमवारपर्यंत बर्फ उडून जातो आणि कायनेजचं काम मंदावतं. प्रयोगाला एटीपी, मॅग्नेशियम किंवा मँगनीज आणि पॉली-ग्लुटामेट-टायरोसिनसारखा सब्स्ट्रेट (ज्यावर फॉस्फेट चढतं तो पदार्थ) लागतो. डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी इथे चालतं. बाहेरच्या तुकड्यात मात्र ते घालू नका, ते बंध तुटून वळकटं उलगडतात.

वनस्पतीच्या अर्कांबाबत जास्त जपावं लागतं. त्यातली पॉलिफेनॉल्स गुठळ्या करून कितीतरी वेगवेगळी एन्झाइमं अडवू शकतात. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (गुठळ्या मोडणारा डिटर्जंट) घालून तोच प्रयोग पुन्हा करा. रोध नाहीसा झाला, तर तो बहुधा गुठळ्यांचा होता. अर्क विरघळवणारं डीएमएसओ सगळ्या विहिरींत सारखं ठेवा, १ टक्क्याच्या वर नेऊ नका. तुलनेसाठी प्लेटवर एक ओळ सुनिटिनिबची हवीच. आयसी५० (एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा) लिहिताना एटीपी किती होतं तेही लिहा, कारण एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या रोधकाचा आकडा एटीपी वाढलं की वाढतो.