बल्क कलेक्ट की बफर? फाइल स्लो लिहिली जातेय तर नक्की काय बदलायचं
ओरॅकलमधून टेक्स्ट फाइल काढणारा पीएलएसक्यूएल (ओरॅकल डेटाबेसची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्राम रेंगाळतोय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, बल्क कलेक्ट लाव. मीपण लावला होता, सगळे लूप बदलले आणि वेळ होता तेवढाच. दोन्हीकडे गठ्ठ्याने काम करायचं असतं म्हणून बल्क कलेक्ट आणि बफर एकच वाटतात, पण बल्क कलेक्ट टेबलाकडून येणाऱ्या ओळींचा गठ्ठा करतो आणि बफर फाइलकडे जाणाऱ्या.

बल्क कलेक्टचं पटकन सांगतो. १०जी व्हर्जनपासून साधा कर्सर फॉर लूपसुद्धा (क्वेरीच्या ओळींवरून एकेक करत फिरणारा लूप) आतल्या आत १०० ओळी एकदम उचलतो (पीएलएसक्यूएल ऑप्टिमायझर लेव्हल २ असेल तर, आणि डिफॉल्ट तीच असते), त्यामुळे तिथे बल्क कलेक्टने फारसा फरक पडत नाही. ओपन-फेच-क्लोज करून एकेक ओळ आणणारा जुना कोड असेल तर मात्र जरूर लावा.

खरा वेळ जातो तो लिहिताना. प्रत्येक ओळीला युटीएल फाइलचं (ओरॅकलचं फाइल लिहायचं पॅकेज) पुट लाइन बोलवलं की प्रत्येक कॉलचा खर्च लागतो, म्हणजे १० लाख ओळी तर १० लाख कॉल. त्याऐवजी एक व्हारचार२ व्हेरिएबल घ्यायचं, त्यात ओळ, मग सीएचआर १० (नवीन ओळीचं चिन्ह), मग पुढची ओळ असं जोडत जायचं आणि ३२७६७ बाइट भरत आले की एकदाच पुट लाइन. ओळ १२० बाइटची धरली तर एका कॉलमध्ये २७० ओळी जातात, म्हणजे १० लाखांसाठी साधारण ३७०० कॉल, बस्स! फक्त फाइल उघडणाऱ्या एफओपनला मॅक्स लाइनसाइज ३२७६७ द्यायला विसरू नका, डिफॉल्ट १०२४ आहे, मोठा गठ्ठा टाकला की एरर येणारच. आणि पुट लाइनचा ऑटोफ्लश (लिहिलेलं लगेच फाइलमध्ये ढकलणं) कोणी ट्रू करून ठेवलाय का तेही बघा, प्रत्येक कॉलला फ्लश झाला तर पुन्हा वेळ वाया जातो.

लांबी मोजताना अक्षरं मोजणारं लेंग्थ नको, बाइट मोजणारं लेंग्थबी वापरा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, 'नाव' मध्ये लेंग्थ ३ दाखवेल पण बाइट ९ असतात, इंग्रजी डेटावर टेस्ट केलेला कोड मराठी नावं आली की इथेच फुटतो.

शेवटच्या गठ्ठ्याची चूक दोन्हीकडे होते. बल्क कलेक्टला लिमिट (एका वेळी किती ओळी) देऊन फेचनंतर लगेच नॉटफाउंडवर लूपमधून एक्झिट केलं तर शेवटचा अर्धवट गठ्ठा प्रोसेसच होत नाही, तिथे कलेक्शनचा काउंट शून्य आहे का ते तपासा. बफरमध्ये लूप संपल्यावर उरलेलं लिहायचं राहिलं तर फाइलच्या शेवटच्या ओळी गायब, आणि एररसुद्धा येत नाही.

आपली अडचण कुठल्या बाजूला आहे हे कळायला पुट लाइनची ओळ कमेंट करून तोच लूप एकदा चालवा. वेळ जवळपास तेवढाच लागला तर फाइलला हात लावू नका, क्वेरीचा प्लॅन (ओरॅकल ती कशी चालवतो ते) बघा.