घराचं वीज पॅनेल बदलायचंय? आधी वाढीव भाराचा अर्ज, मग डीबी

मेन स्विच वारंवार पडतो म्हणून ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त विद्युतप्रवाह झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) काढून ६३ चा बसवणं हा सर्वांत धोकादायक उपाय आहे. ट्रिप होणं थांबतं, पण मीटरपासून घरात आलेली ४ चौरस मिमीची वायर तीच राहते. एमसीबी तिला वाचवत होता. आता ती पाइपातच तापते, इन्सुलेशन मऊ पडतं आणि बाहेर काही दिसण्याआधीच आत जळायला लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: भाराचा हिशेब, महावितरणकडे अर्ज, मीटरपासूनची केबल आणि अर्थिंग, आणि शेवटी डीबी, म्हणजे घरातले सगळे एमसीबी बसवलेला वितरण बॉक्स.

हिशेबासाठी एक नेहमीचं घर घेऊ. दीड टनाचे दोन एसी मिळून ३ किलोवॅट, गिझर २, इंडक्शन २, हीटर असलेलं वॉशिंग मशीन २, ओव्हन १.२, एक एचपीची मोटर ०.७५ आणि फ्रिज, दिवे, पंखे मिळून १. बेरीज १२ च्या आसपास जाते, पण हे सगळं एकाच वेळी चालत नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी गिझर, इंडक्शन, मशीन आणि मोटर एकत्र लागतात, तेव्हा किरकोळ वापर धरून पावणेआठ किलोवॅट होतात. त्या वेळी एसी बंद असतात. सिंगल फेज (एकाच जिवंत तारेची) जोडणी ४० अँपिअरपर्यंत मिळते, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ९.२ किलोवॅट. हे घर त्यात बसतं. याच घरात कारसाठी ७.४ किलोवॅटचा चार्जर आला, तर तो एकटाच ३२ अँपिअर घेतो आणि थ्री फेजला (तीन जिवंत तारांच्या जोडणीला) पर्याय राहत नाही. उगाच मोठा भार मात्र मागू नका. थ्री फेजचा स्थिर आकार (वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी रक्कम) जास्त असतो, आणि घरगुती थ्री फेजमध्ये १० किलोवॅटच्या वर गेलात की त्यात आणखी भर पडते.

सध्याचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जितकी वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा, वीजबिलावर छापलेला असतो. ज्याच्या नावावर बिल आहे तो मालक असो वा भाडेकरू, अर्ज करू शकतो. मात्र थकबाकी शून्य हवी. महावितरणच्या ग्राहक पोर्टलवर किंवा मोबाइल अ‍ॅपवर १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून भारवाढीची मागणी नोंदवता येते. सोबत ओळखपत्र आणि जागेचा पुरावा लागतो: महापालिकेची घरपट्टी पावती, खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. भाडेकरूने भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्र जोडावं.

सर्वांत जास्त अर्ज नावापाशी अडतात. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात बिल अजून आजोबांच्या नावावर असतं. तिथे आधी नावबदल करून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. भावंडं वेगवेगळ्या गावी असतील तर याच कागदाला सर्वाधिक वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

अर्जानंतर जागेची पाहणी होते आणि कोटेशन मिळतं. त्यात प्रक्रिया शुल्क, जोडणीचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी धरली जाते. पैसे भरल्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा दाखला) द्यावा लागतो. ओळखीचा वायरमन काम उत्तम करेलही, पण रिपोर्टवर परवाना क्रमांक हवाच. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, अर्ज पूर्ण असल्यास जोडणी देण्याची किंवा बदलण्याची मुदत महानगरात ३, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस आहे. वाहिनी वाढवावी लागली तर जास्त वेळ लागतो. याच दुरुस्तीनुसार छतावर १० किलोवॅटपर्यंत सोलर घेणाऱ्याचा आवश्यक तेवढा भार वितरण कंपनीनेच वाढवायचा असतो. सोलर घ्यायचंच असेल तर भारवाढीचा वेगळा अर्ज करण्याआधी हे विचारा.

मीटरचं सील स्वतः तोडू नका, ठेकेदारालाही तोडू देऊ नका. ते वीजचोरीच्या कलमात जाऊ शकतं. मीटरच्या पुढची केबल मात्र तुमची जबाबदारी आहे. अपार्टमेंटमध्ये मीटर पार्किंगमध्ये आणि घर चौथ्या मजल्यावर असेल, तर डक्टमधून नवी केबल ओढायला सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्या. ४० अँपिअरसाठी तांब्याची १० चौरस मिमी केबल धरा. लांब अंतरात व्होल्टेजही कमी पडत नाही.

डीबीत सुरुवातीला ४० अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आयसोलेटर स्विच किंवा एमसीबी, त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. दिव्यांना १.५ चौरस मिमी वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, गिझरला २.५ आणि १६, एसीला ४ चौरस मिमी आणि २० अँपिअर सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक जादा प्रवाह सोसणारा प्रकार). एसीला जास्त संवेदनशील बी कर्व्ह लावला तर कॉम्प्रेसर सुरू होतानाच पडू शकतो. आजच्या गरजेपेक्षा चार जागा जास्त असलेला बॉक्स घ्या. नवा आरसीसीबी बसताच पडू लागला तर तो खराब आहे असं लगेच समजू नका. जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) कुठेतरी एकत्र केलेला असतो, किंवा गिझरचं एलिमेंट गळती देत असतं. आरसीसीबी काढून टाकण्याऐवजी एकेक सर्किट सोडवून पाहा. प्रत्येक आरसीसीबीला स्वतंत्र न्यूट्रल बार (न्यूट्रल तारा जोडायची पट्टी) हवा.

थ्री फेजमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला राहिला तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि टीव्ही, फ्रिज एका क्षणात जातात. पॅनेल चालू करण्याआधी तो स्क्रू तुमच्यासमोर आवळून घ्या, आणि दोन्ही एसी एकाच फेजवर टाकू देऊ नका.

अर्थिंगचं माप (जमिनीशी असलेल्या जोडणीचा रोध, तो जितका कमी तितका चांगला) पावसाळ्यात घेऊन समाधान मानू नका. नाशिकमध्ये थोड्या मातीखाली काळा दगड लागतो. ओल असताना रीडिंग छान येतं, मे महिन्यात तेच कित्येक पट वाढतं. उन्हाळ्यात मोजा, रीडिंग जास्त आलं तर अर्थिंगचा दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा.

काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासून घ्या. १ मेगाओहमपेक्षा कमी आलेलं सर्किट चालू करू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा. पुढच्या बिलावर नवा मंजूर भार आला नसेल, तर कोटेशनची पावती आणि टेस्ट रिपोर्टची प्रत घेऊन उपविभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाताना हीच पोच लागते.