गाठ गुलाबी, उजेड हिरवा

आवाज दोन-तीन महिने घोगरा राहिला आणि दुर्बिणीतून स्वरयंत्रावर पिवळसर गाठ दिसली, की घरात सगळ्यांच्या मनात कॅन्सरच येतो. क्वचित मात्र ती गाठ अमायलॉइडची निघते, म्हणजे चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाचा साठा. नाकात झाली तर नाक चोंदतं, रक्त येतं. नाकाच्या मागे झाली तर कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. दृष्ट काढण्यात आणि ‘गाठ विरघळवणाऱ्या’ काढ्यांत महिने घालवू नका. हे तंतू काढ्याने विरघळत नाहीत.

स्कॅनवरून निदान पक्कं होत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो. नेहमीच्या रंगांत तो नुसता गुलाबी, एकसारखा दिसतो. मग कामाला येतो काँगो रेड, मुळात सुती कापडासाठी काढलेला रंग! तो अमायलॉइडला धरतो हे १९२२ मध्ये जर्मन डॉक्टर बेनहोल्ड यांनी दाखवलं.

खरी गंमत पुढे आहे. अमायलॉइडमध्ये प्रथिनाच्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या, सुमारे ०.४७ नॅनोमीटर अंतराने रचल्या जाऊन लांब तंतू बनतो. त्याच्या अंगावरच्या उभ्या खाचांत काँगो रेडचे लांबट, चपटे रेणू बसतात, सगळे तंतूला समांतर. त्यामुळे तंतूच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश एका वेगाने जातो, आडवा कंप पावणारा दुसऱ्या. सूक्ष्मदर्शकात दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर, काटकोनात लावले की एरवी अंधार होतो. वेगाचा हा फरक असेल तिथूनच उजेड पार होतो. काँगो रेड जी तरंगलांबी सर्वाधिक शोषतो, तिच्या आसपास हा फरक झपाट्याने बदलतो. एका बाजूचा निळा आणि दुसऱ्या बाजूचा पिवळा प्रकाश एकत्र येतो आणि डोळ्याला हिरवा दिसतो. मात्र कापसाचा धागा स्लाइडवर पडला तर तोही असाच चमकून फसवू शकतो, म्हणून अनुभवी नजर हवी. छेद, म्हणजे तुकड्याचा पातळ काप, तोही नेहमीपेक्षा जाड, ८ ते १० मायक्रॉनचा घेतात.

हिरवा उजेड दिसला तरी प्रथिन कोणतं हे ठरवायचं उरतं. घशात बहुधा प्रतिपिंडांची ‘हलकी साखळी’, म्हणजे त्यांचा एक लहान भाग, सापडते. ती तिथल्याच प्लाझ्मा पेशींनी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींनी) बनवली, की अस्थिमज्जेतून येऊन हृदय-मूत्रपिंडातही साठते आहे? त्यासाठी रक्त-लघवी तपासतात, हृदयाची तपासणी करतात, कधी पोटाच्या चरबीचा नमुना घेतात. सगळं स्वच्छ निघालं तर केमोथेरपी लागत नाही. लेझरने किंवा शस्त्रक्रियेने गाठ काढतात आणि ती पुन्हा वाढू शकते म्हणून पुढची कित्येक वर्षं दुर्बिणीने घसा पाहत राहतात.