भिंतीतच तयार होणारा फोम : स्प्रे फोम उष्णतारोधकाची पार्श्वभूमी

घराच्या छपराखाली किंवा भिंतीच्या पोकळीत फवारल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेन फोमविषयी आज जे वाद ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच गोष्टीत आहे. काचतंतूची गादी किंवा थर्माकोलचा तक्ता कारखान्यात तयार होतो, तपासला जातो आणि मग घरी येतो. स्प्रे फोमचे तसे नाही. त्याचे दोन घटक दोन पिंपांतून येतात, तापवलेल्या होजमधून पुढे ढकलले जातात, फवारणीच्या गनमध्ये एकत्र होतात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. म्हणजे रासायनिक प्रक्रिया प्रत्यक्ष राहत्या घरातच घडते, आणि मालाचा दर्जा त्या दिवशीचे तापमान, लाकडातील ओल आणि गन धरणाऱ्याचे कौशल्य यांवर ठरतो. या पदार्थाचा इतिहास पाहिला तर नियम प्रत्येक वेळी वापराच्या बरेच मागून आलेले दिसतात.

सुरुवात १९३७ साली जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे झाली. आय. जी. फार्बेन या कंपनीच्या प्रयोगशाळेत ओटो बायर आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील नायलॉनच्या तोडीचा धागा शोधत होते. आयसोसायनेट आणि पॉलिऑल (स्प्रे फोमच्या दोन पिंपांतले हेच दोन घटक) यांना एकमेकांशी जोडून बहुवारिक, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्या तयार करण्याची पद्धत त्यांनी बसवली, पण नमुन्यांत वारंवार बुडबुडे राहत. त्याचे कारण पाणी होते. आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अशा एका सच्छिद्र नमुन्याबद्दल तपासनिसाने, याचा उपयोग झालाच तर नकली स्विस चीज करण्यासाठी होईल, असा शेरा मारल्याचा किस्सा सांगितला जातो. त्याच दोषातून पुढे फोमचा उद्योग उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत कठीण फोमचा वापर विमानांच्या भागांत होऊ लागला आणि युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत व इतरत्र पसरले.

घरबांधणीच्या दृष्टीने निर्णायक बदल १९५० आणि १९६० च्या दशकांत झाले. स्वस्त पॉलिइथर पॉलिऑल बाजारात आले, तुलनेने कमी बाष्पशील असे पॉलिमेरिक एमडीआय हे आयसोसायनेट उपलब्ध झाले आणि दोन्ही घटक ठरावीक प्रमाणात पुरवणारी फवारणी यंत्रे सुधारत गेली. मात्र खरी किमया बुडबुड्यांत कोंडलेल्या वायूची होती. सीएफसी-११ (एक क्लोरोफ्लुरोकार्बन) या वायूची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे एक तृतीयांश असते, त्यामुळे बंद पेशींच्या, म्हणजे मिटलेल्या बुडबुड्यांच्या, फोममध्ये तो कोंडला की तेवढ्याच जाडीत कितीतरी अधिक रोध मिळतो. शीतगृहे, रेफ्रिजरेटर आणि कारखान्यांची सपाट छपरे ही या फोमची पहिली मोठी गिऱ्हाइके होती. राहत्या घरांकडे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर.

इंधनाचे भाव भडकल्यावर घरातील उष्णता नेमकी कुठून निसटते, याचा शोध गांभीर्याने सुरू झाला. न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांची मोजमापे घेतली, तेव्हा माळ्यावाटे जाणारी उष्णता हिशोबापेक्षा कित्येक पट जास्त निघाली. उष्णतारोधक गादी अंथरलेली होती, पण भिंतींच्या पोकळ्या, नळ आणि धुराडी यांच्या कडेच्या फटींतून गरम हवा तिला वळसा घालून वर जात होती. केवळ रोधक टाकून भागत नाही, हवेची गळतीही थांबवली पाहिजे, हे यातून पक्के झाले. फटीत शिरून ती बुजवणारा आणि त्याच वेळी रोधकाचे काम करणारा स्प्रे फोम या निष्कर्षात चपखल बसत होता.

पण त्या दशकात घरांच्या भिंतींत प्रत्यक्षात जो फोम मोठ्या प्रमाणावर गेला, तो वेगळाच होता. युरिया-फॉर्माल्डिहाइड फोम दाढीच्या फेसासारखा दिसे आणि भिंतीला भोके पाडून पोकळीत भरला जाई, त्यामुळे जुन्या घरांना तो सोयीचा पडला. कॅनडात १९७७ पासून घरांच्या उष्णतारोधनासाठी सरकारी अनुदान मिळू लागले आणि हजारो कुटुंबांनी तो भरून घेतला. मिश्रणाचे प्रमाण चुकले की तो आकसे, भुगा होई आणि फॉर्माल्डिहाइड वायू घरात सोडत राही. डोळ्यांची जळजळ आणि श्वसनाच्या तक्रारी वाढल्यावर कॅनडाने डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८२ मध्ये घातलेली बंदी मात्र पुराव्याअभावी न्यायालयात पुढल्याच वर्षी रद्द झाली. वायूचे प्रमाण काळानुसार खूप घटते, हे पुढे दिसून आले, तरी घरांच्या विक्रीकरारांत या फोमविषयी हमी मागणारे कलम कॅनडात अनेक दशके टिकून राहिले. पॉलियुरेथेनशी त्याचा रासायनिक संबंध नाही. बदनामी मात्र दोघांच्या वाट्याला आली, आणि ती पॉलियुरेथेनला पूर्णपणे अन्याय्य होती असेही म्हणता येत नाही, कारण मिश्रण जागेवर चुकण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच होता.

आगीचा प्रश्न तर त्याआधीच पुढे आला होता. प्लास्टिक फोम ‘न जळणारे’ किंवा ‘आपोआप विझणारे’ म्हणून विकले जात होते, आणि त्याला आधार होता तो प्रयोगशाळेतील छोट्या चाचण्यांचा. खऱ्या खोलीतील आग वेगळी वागते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये या उद्योगाविरुद्ध तक्रार दाखल केली. १९७४ च्या तडजोडीनुसार असे शब्द मागे घ्यावे लागले आणि संशोधनासाठी ५० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. राहत्या जागेत फोम उघडा न ठेवता त्यावर सुमारे १२.५ मिलिमीटर जाडीच्या जिप्सम बोर्डासारखे आवरण असावे, हा अमेरिकी बांधकाम संहितेतील नियम त्याच काळातील अनुभवातून पक्का झाला.

त्यानंतरची चार दशके प्रामुख्याने बुडबुड्यातला वायू बदलण्यात गेली. ओझोनच्या थराला पोहोचणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला आणि विकसित देशांत १९९६ पासून सीएफसीचे उत्पादन थांबले. त्याची जागा एचसीएफसी-१४१बीने घेतली, तोही ओझोनला अपायकारक असल्याने एचएफसी-२४५एफए आला. हा ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वीचे तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजार पट समर्थ. एचएफसींवर मर्यादा आणणाऱ्या, मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर तापमानवाढीवर फारच कमी परिणाम करणारे एचएफओ वर्गातील वायू पुढे आले. हा प्रवास कागदावर वाटतो तितका सरळ झाला नाही. हवेतील सीएफसी-११ अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि पुढील वर्षी त्या जादा उत्सर्जनाचा बराचसा भाग पूर्व चीनमध्ये असल्याचे निष्पन्न झाले. संशयाचा रोख इमारतींसाठीच्या फोमच्या कारखान्यांवर होता. स्वस्त आणि उत्तम रोधक वायूचा मोह बंदीनंतरही सुटला नव्हता.

दरम्यान केवळ पाण्याने फुगणारा, हलका ‘ओपन सेल’ (उघड्या पेशींचा) फोमही घरांत रुळला. त्याची घनता घनमीटरला साधारण ८ किलो, तर ‘क्लोज्ड सेल’ची, म्हणजे बंद पेशींच्या फोमची, ३० किलोच्या वर असते. पहिला मऊ असून बाष्प आरपार जाऊ देतो. दुसरा कडक असतो आणि बाष्प बऱ्याच अंशी अडवतो. क्लोज्ड सेल फोम एका वेळी साधारण ५ सेंटिमीटरपर्यंतच फवारून, तो निवल्यावर पुढचा थर द्यायचा असतो. प्रक्रियेत उष्णता निर्माण होते आणि फोम स्वतःच रोधक असल्याने ती आत कोंडते. घाईने जाड थर दिला तर आतून करपतो, क्वचित पेटतो. फवारताना हवेत उडणाऱ्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, म्हणून कामगारांना बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे लागतात आणि घरच्यांना बहुधा २४ तास बाहेर राहण्यास सांगितले जाते. प्रमाण बिघडलेला फोम मात्र महिनोन् महिने माशासारखा वास देत राहू शकतो, आणि मग तो खरवडून काढण्यावाचून फारसा इलाज उरत नाही.

सध्याचा सर्वात तीव्र वाद ब्रिटनमध्ये चालू आहे. तेथील जुन्या घरांचे उतरते छप्पर वाऱ्याने सुकत राहावे अशाच बेताने बांधलेले असते. कौलांच्या खालच्या बाजूला आणि वाशांना फोम चिकटवला की तो वारा बंद होतो, घरातली दमट हवा थंड लाकडापर्यंत पोहोचली तर ओल साचते आणि लाकूड कुजण्याचा धोका निर्माण होतो. प्रत्येक घरात तसे होतेच असे नाही. पण वासेच झाकले गेल्याने ते शाबूत आहेत की नाहीत, हे पाहणीसाठी आलेल्या सर्व्हेअरला सांगता येत नाही. त्यामुळे अनेक कर्जदार संस्था अशा घरावर कर्ज देण्यास नकार देतात किंवा आधी फोम काढण्याची अट घालतात. २०२० मध्ये सुरू होऊन काही महिन्यांतच गुंडाळलेल्या ग्रीन होम्स ग्रँट या सरकारी योजनेतून ज्यांनी फोम बसवून घेतला, त्यांच्यापैकी काहींना घर विकताना ही अडचण प्रथमच कळली. फोम काढण्याचे काम हाताने, तासून करावे लागते, आणि ते अनेकदा बसवण्यापेक्षा महाग पडते.