घरची बिअर आणि घराबाहेर जाणारी ऊब

घरी पाच गॅलन, म्हणजे 19 लिटर बिअर करायची तर मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड काढा तासभर खळखळून उकळावा लागतो. त्या तासात साधारण गॅलनभर, म्हणजे 3.8 लिटर पाण्याची वाफ होते. अंगणात ती वाऱ्यावर उडून जाते. पण अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिससारख्या शहरात जानेवारीचं सरासरी तापमान उणे 9 अंशांच्या आसपास असतं. तिथे हा छंद हिवाळ्यात बेसमेंटमध्ये येतो आणि वाफेचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहतो.

छंद कायदेशीर आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर 1978 मध्ये विधेयकावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरापुरती बिअर बनवण्याला केंद्रीय करातून सूट मिळाली. एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर 200 गॅलन, आणि विक्री करायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं, त्यांनी 2013 मध्ये परवानगी दिली.

आता खोलीचा हिशेब पाहू. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच खोलीत साधारण 38 घनमीटर हवा मावते. 20 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. म्हणजे हवा अगदी कोरडी धरली तरी त्या खोलीत साडेसहाशे ग्रॅमच वाफ मावेल, आणि पातेल्यातून येतात 3,800 ग्रॅम. उरलेलं पाणी थंड भिंतीवर, खिडकीच्या काचेवर, छताच्या लाकडी तुळयांवर जमतं. तिथल्या भिंती जिप्समच्या, वरून कागद लावलेल्या असतात. तो कागद ओला राहिला की बुरशी धरते. दर पंधरवड्याला बिअर उकळणाऱ्याच्या घरात भिंत सुकायला फुरसतच मिळत नाही.

मग पातेल्यावर झाकण का ठेवू नये? मॉल्टमध्ये एक पदार्थ असतो, त्यापासून उकळताना डायमिथिल सल्फाइड तयार होतं. त्याला उकडलेल्या मक्यासारखा वास येतो. फिक्या पिल्सनर मॉल्टमध्ये हा त्रास अधिक. ते वाफेबरोबर उडून जावं म्हणूनच पातेलं उघडं ठेवतात. झाकणावर जमलेले थेंब परत काढ्यात पडले तर वासही परत येतो.

तेव्हा वाफ बाहेर घालवणं आलंच. सहा इंची डक्टमधला, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीतला, चांगला पंखा तासाला सुमारे 680 घनमीटर हवा ओढतो. तो 70 वॅटचा धरला तर दीड तासात 0.1 युनिट वीज लागते, म्हणजे दोन सेंटही नाहीत. खर्च पंख्याच्या विजेत नाही. खोलीतून जितकी उबदार हवा बाहेर जाते तितकीच गोठवणारी हवा फटीफटींतून आत येते, आणि ती 20 अंशांपर्यंत तापवावी लागते. 29 अंशांच्या फरकाला 680 घनमीटरसाठी तासाला 6.6 युनिट ऊर्जा लागते. उकळीत वाफ करायला लागते 2.4 युनिट. म्हणजे पाणी उकळण्यापेक्षा हवा तापवण्यातच पावणेतीन पट ऊर्जा जाते! दीड तासाचे झाले दहा युनिट. विजेचा हीटर असेल तर सतरा सेंट दराने 1.70 डॉलर, गॅसची फर्नेस असेल तर बहुतेक ठिकाणी डॉलरच्या आत. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात हा हिशेबच नसतो, कारण आतली आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच असते.

आकडे छोटे वाटतील, पण मला यात खरी गंमत वाटते ती पुढच्या भागात. 30 अंशांची वाफेने भरलेली हवा घनमीटरला 30 ग्रॅम पाणी धरते. घरातल्या हवेत आधीच सातेक ग्रॅम असतं. राहिले 23. 3,800 ग्रॅम वाहून न्यायला तासाला 165 घनमीटर हवा पुरते, म्हणजे त्या पंख्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा! उरलेले तीन हिस्से खर्ची पडतात ते पातेल्यावर बसवलेल्या चिमणीच्या कडेने निसटणारी वाफ पकडण्यात. म्हणून माझं ठाम मत आहे की पैसे मोठ्या पंख्यावर न घालता चिमणीवर घालावेत. ती पातेल्यापेक्षा चहूबाजूंनी हातभर नाही तरी वीतभर रुंद असावी, फार उंचावर नसावी, आणि पंख्याला वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर असावा. वेग अर्ध्यावर आणला की हवा तापवण्याचा खर्चही अर्धा होतो.

चिमणीच्या आतल्या कडेला बोट फिरवलं तर थेंबांची रांग लागते. त्यासाठी आत पन्हळ हवी, डक्ट गुळगुळीत पत्र्याचा आणि बाहेरच्या बाजूला उतरता हवा. नाहीतर थंड डक्टमधलं पाणी उलटं वाहून थेट बिअरमध्ये येतं.

दुसरा मार्ग वाफ बाहेर न घालवता पाण्यात जिरवण्याचा आहे. बंद झाकणाला जोडलेल्या नळीत थंड पाण्याचा बारीक फवारा सोडतात. वाफ तिथेच पाणी होते आणि नको असलेला वासही बरोबर घेऊन मोरीत जाते. तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं, पण भिंतीला भोक पाडावं लागत नाही आणि घरातली ऊब घरातच राहते. मिनेसोटातल्या हिवाळ्यात मी हाच मार्ग निवडेन.

हे सगळं विजेच्या पातेल्याबद्दल झालं. प्रोपेनचा अंगणातला बर्नर बेसमेंटमध्ये आणूच नये. त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि कुठलाही घरगुती पंखा त्यापासून वाचवण्याची हमी देऊ शकत नाही. विजेचं पातेलं असलं तरी एक धोका उरतो. जोरदार पंखा बंद घरातली हवा ओढतो तेव्हा घरात दाब कमी होतो. त्याच बेसमेंटमध्ये गॅसचा गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातून धूर वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत मिनिटाला 400 घनफुटांपेक्षा जास्त हवा ओढणाऱ्या चिमणीसाठी बदली हवेची सोय करायला सांगितलं आहे ते याचसाठी. 680 घनमीटर म्हणजे नेमकी तीच सीमा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावाच, आणि पंखा चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवावी. गार वारा येईल म्हणून बरेच जण ती उघडत नाहीत, पण पंख्याने ओढलेल्या हवेइतकी हवा कुठून तरी आत येणारच आहे. ती खिडकीतून आली तर खर्च वाढत नाही, कारण ती तापवण्याचे पैसे त्या 6.6 युनिटांत आधीच धरलेले आहेत.