गोल डीएनए, सरळ फाइल: प्लास्मिड आखणाऱ्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

पीबीआर३२२ या प्लास्मिडचा, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या एका छोट्या गोल कड्याचा, क्रम (त्यातल्या अक्षरांची रांग) नोटपॅडमध्ये चिकटवा आणि इको-आर-वन हे डीएनए कापणारं एन्झाइम जिथे कापतं ती खूण, म्हणजे जीएएटीटीसी ही सहा अक्षरं, शोधा. एकदाही सापडणार नाहीत. नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या एमएस्सीच्या मुलांना मात्र हे एन्झाइम याच प्लास्मिडला एका ठिकाणी कापतं असं शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. प्लास्मिड गोल असतं, फाइल सरळ. पीबीआर३२२ची अक्षरं मोजायला सुरुवात नेमकी या खुणेच्या मधूनच केली आहे. त्यामुळे टीटीसी पहिल्या ओळीत येतं आणि जीएए चार हजारांवर अक्षरांनंतर, अगदी शेवटी. टोकं जोडलेली आहेत हे ध्यानात ठेवून शोधणं, ही प्लास्मिडच्या सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा.

जिवाणूंच्या मुख्य गुणसूत्राबाहेरच्या या डीएनएला १९५२मध्ये जोशुआ लेडरबर्ग यांनी प्लास्मिड हे नाव दिलं. मक्तेदारी जिवाणूंचीच आहे असंही नाही. नाशिकच्या वाइनरींमध्ये द्राक्षरस आंबवतं त्या जातीच्या यीस्टमध्येही बहुतेक वेळा सहा हजारांहून थोड्या जास्त अक्षरांचं एक कडं असतं. १९७३मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी परका डीएनए प्लास्मिडमध्ये जोडून जिवाणूत वाढवून दाखवला. तेव्हा क्रम हाताशी नव्हता. एन्झाइमने कापायचं, तुकडे विजेच्या प्रवाहाने जेलवर, लांबीप्रमाणे वेगळे होतील असे, पळवायचे, त्यांच्या लांब्यांवरून कोणता तुकडा कोणाशेजारी बसतो याचा अदमास घ्यायचा आणि कागदावर वर्तुळ काढायचं. १९७७चं पीबीआर३२२ असंच नकाशे पाहत, कापत-जोडत बॉयर यांच्या प्रयोगशाळेत बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ यांनी घडवलं. त्याचा पूर्ण क्रम सटक्लिफ यांनी १९७९मध्ये दिला. आज ही लांबी ४,३६१ अक्षरं धरतात. गंमत म्हणजे लॅम्डा या विषाणूचा डीएनए हिंड-थ्री या दुसऱ्या एन्झाइमने कापला की लांबीने चौथा तुकडाही ४,३६१ अक्षरांचाच निघतो. एकदा कापून सरळ केलेलं पीबीआर३२२ जेलवर त्याच्या बरोबरीने पळतं.

१९७७मध्येच सँगर यांची क्रमवाचनाची पद्धत आली आणि केंब्रिजला त्याच संस्थेतल्या रॉजर स्टेडन यांनी क्रम जोडायला, तपासायला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिले. १९८२मध्ये जेनबँक, म्हणजे डीएनए क्रमांचा सार्वजनिक संग्रह, सुरू झाली. डिसेंबरमधल्या तिच्या आवृत्तीत ६०६ क्रम होते, मिळून ६,८०,३३८ अक्षरं. आकडा आज किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत टिकाऊ वस्तू तिथून आली: जेनबँकची फाइल. साधा मजकूर. पहिल्या ओळीत लांबी आणि रेणू गोल आहे की सरळ, मग कोणता जनुक कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत, आणि शेवटी दहा-दहाच्या गटांत क्रम, ओळीला साठ अक्षरं. कुठलंही सॉफ्टवेअर नसलं तरी माणसाला वाचता येते.

पुढची सॉफ्टवेअरं आली आणि गेली. १९८८मध्ये फ्रान्सच्या ख्रिश्चन मार्क यांचं मॅकिंटॉशवरचं डीएनए स्ट्रायडर आलं. मग इन्फॉरमॅक्स या कंपनीचं व्हेक्टर एनटीआय. त्यात एन्झाइमं निवडून, तुकडे जोडून नवं प्लास्मिड पडद्यावरच तयार करता येई आणि सगळं त्याच्याच डेटाबेसमध्ये साठे. सोय मोठी होती, गोम तिथेच होती. कंपनी इनव्हिट्रोजेनकडे गेली, तिथून कालांतराने थर्मो फिशरकडे. २०१९च्या अखेरीस विक्री थांबली, २०२०च्या अखेरीस सपोर्टही. वर्षानुवर्षांचे नकाशे बाहेर काढून दुसरीकडे नेण्याची वेळ जगभरच्या प्रयोगशाळांवर आली.

दरम्यान कामच बदललं होतं. २००३मध्ये एमआयटीच्या टॉम नाइट यांनी बायोब्रिकची कल्पना मांडली: प्रत्येक जनुकीय सुट्या भागाची दोन्ही टोकं ठरलेल्या साच्याचीच ठेवायची, म्हणजे कोणताही कोणालाही जोडता येईल. २००४मध्ये असे भाग जोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाच संघांची आयजेम स्पर्धा झाली. मग अनेक तुकडे एकाच वेळी जोडण्याच्या पद्धती आल्या: २००८ला गोल्डन गेट, २००९ला गिब्सन असेंब्ली. आता कुठे कापतं एवढं सांगून भागेना. गोल्डन गेटमध्ये बीएसए-वन हे एन्झाइम वापरायचं तर त्याची खूण भागाच्या आत कुठेही नको, आणि पीबीआर३२२च्या अँपिसिलिनरोधक जनुकात ती आहेच. ती खूण पुसणारा बदल क्रमात आधीच करून घ्यावा लागतो. दहा-बारा भाग जोडायचे तर हे हिशेब हाताने करणं म्हणजे चुकीला आमंत्रण. म्हणून अशी जोडणी आखून देणारी जे-फाइव्हसारखी साधनं आली, भागांच्या देवाणघेवाणीसाठी एसबॉल हे मानक आलं. २०१६चं सेलो तर इलेक्ट्रॉनिक चिप आखण्याच्या व्हेरिलॉग भाषेत लिहिलेलं तर्कशास्त्र घेऊन थेट डीएनएचा क्रम देतं. तपासलेल्या ६० सर्किटांपैकी ४५ सर्व अवस्थांत अपेक्षेप्रमाणे चालली. एसबॉलची मांडणी जास्त नेटकी आहे यात शंका नाही, तरी मेलवर मागितली जाते ती अजून जेनबँकचीच फाइल.

आपल्याकडे नाशिकची महाविद्यालयं ज्या पुणे विद्यापीठाला संलग्न, तिथे बायोइन्फर्मेटिक्सचं केंद्र १९८०च्या दशकातच उभं राहिलं, पण महागडी परवान्याची सॉफ्टवेअरं पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचणं अवघडच होतं. फुकट साधनांनी ते चित्र बदललं: युटा विद्यापीठातल्या वेन डेव्हिस यांचं ए प्लास्मिड एडिटर, स्नॅपजीनचा मोफत व्ह्यूअर, ब्राउझरमध्ये चालणारं बेंचलिंग. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्र सरकारने बायोई-थ्री धोरण मंजूर केल्यावर जैवउत्पादनाची चर्चा वाढली आहे, तेव्हा ही साधनं शिकणारेही वाढतील. बेंचलिंगमधलं काम कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, स्नॅपजीनची फाइल तिच्या स्वतःच्या स्वरूपात. दोन्हींतून जेनबँक फाइल काढून घेता येते. नकाशाचे रंग कधी कधी वाटेत हरवतात. क्रम आणि जनुकांच्या जागा मात्र सोबत येतात.